सामानाजवळची जागा

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंदेरीचा किल्ला दिसतो. बदलापूरला, कात्रपमध्ये फ्लॅट बघायला आलो तेव्हा बिल्डरच्या माणसाने ती खिडकी उघडून "मॅडम, हिल व्ह्यू" म्हटलं होतं, आणि आई तिथेच भुलली. मला त्या डोंगराकडे बघून निसर्ग वगैरे काही आठवत नाही. मला एक माणूस आठवतो आणि तव्यावरची पोळी करपते.

हा माणूस बदलापुरात ट्रेकिंगचा ग्रुप चालवायचा. सगळे त्याला 'सर' म्हणायचे. तो कुठल्याच शाळेत शिकवत नव्हता, पण गळ्यात शिट्टी होती आणि आवाज मोठा होता, तेवढं पुरतं. मी उल्हासनगरच्या एका जीन्स कारखान्यात चेकिंगला आहे. दिवसभर जीन्स उलट्या करायच्या, शिलाई सुटली आहे का ते बघायचं, लोंबणारे दोरे कापायचे. सुट्टीच्या दिवशी डोळ्यांना निळ्याशिवाय दुसरा रंग दिसावा म्हणून मी त्या ग्रुपमध्ये गेले. पहिल्याच दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले. तो 'अच्छा' कसा असतो ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी तो घरी सांगितलासुद्धा नाही.

चंदेरीच्या ट्रेकला गुहेच्या थोडं खाली माझ्या बुटाचा तळ निघाला. सगळा तळ, जिभेसारखा लोंबायला लागला. मी नाडीने बांधून, पाय फरफटत गुहेपर्यंत पोचले, अर्थात सगळ्यांच्या मागून. गुहेच्या पुढे सरळ कातळ आहे, तिथे पाठीवर पिशव्या घेऊन चढता येत नाही. म्हणून सामान गुहेत ठेवतात आणि माकडं येतात म्हणून एकाला त्याच्याजवळ बसवतात. बहुतेक ग्रुपमध्ये ज्याला बरं वाटत नाही तो आपणहून बसतो, नाहीतर चिठ्ठ्या टाकतात. एका मुलीने बॅगेतून चिकटपट्टी काढली आणि म्हणाली, "ताई, बूट गुंडाळून देते, घट्ट बसेल." सर म्हणाले, "राहू दे गं, वेळ नाही. ताईंच्याने काही वर चढणं होणार नाही. बसू दे त्यांना, आपल्याला वॉचमन हवाच आहे."

सगळे हसले. मीही हसले. त्यांच्या हसण्याचा राग एक वेळ गेला असता, माझ्या हसण्याचा गेला नाही.

ते वर गेले. मी हातात काठी घेऊन पिशव्यांच्या ढिगाजवळ बसले. वरून त्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. खाली उतरल्यावर सरांनी माझा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'आजच्या ट्रेकचा वॉचमन'. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हापासून मी वॉचमन ताई झाले. ग्रुप सोडला तरी नाव सुटलं नाही. भाजीवाल्याकडे उभी असले तरी कोणीतरी मागून "काय वॉचमन ताई!" म्हणायचं. बोलणारे प्रेमाने बोलायचे, तेच जास्त झोंबायचं. मी ठरवलं होतं की या माणसाला एकदा त्याच गुहेसमोर, तितक्याच लोकांदेखत, तेवढंच छोटं करायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी मोबाईलवर एक जाहिरात दिसली. थंडीचे कपडे बनवणारी एक परदेशी कंपनी होती. तिला वेगवेगळ्या देशांतल्या, कधी बर्फावर पाऊल न टाकलेल्या साध्या बायका हव्या होत्या. ग्रीनलँडचं बर्फाचं पठार या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, स्की घालून, सामानाची स्लेज कमरेला बांधून ओढत पार करायचं. खर्च सगळा त्यांचा. अर्जात विचारलं होतं, 'तुम्हाला का यायचं आहे?' बाकीच्यांनी स्वप्न, आकाश, पंख असं काहीतरी लिहिलं असणार. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं, एका माणसाला दाखवायचं आहे. व्हिडिओवर मुलाखत घेणारी नॉर्वेची बाई ते वाचून हसली. म्हणाली, रागाने चालणारी माणसं अर्ध्यात परत जात नाहीत. माझी निवड झाली.

बर्फ नसलेल्या देशात स्लेजचा सराव टायर ओढून करतात, असं त्यांनी कळवलं. आमच्या शेठला सांगितलं तेव्हा ते गल्ल्यावरून उठून बाहेर आले.

"अरे साईं, बर्फ के लिए इतना दूर? मेरे साले का आइस्क्रीम का गोडाऊन है, उधर जाके बैठ ना."

"शेठ, वो भी चाहिए. दस्ताने पहन के तंबू लगाने की प्रॅक्टिस करनी है."

"पागल है ये औरत," ते मशीनवरच्या कारागिराला म्हणाले, आणि मग त्यालाच सांगून दुहेरी डेनिमचा कमरपट्टा शिवून घेतला. सगळ्यात जाड दोरा लावला. मी तो उलटा करून तपासला, सवय. टाकेही त्यांनी पुन्हापुन्हा मारून घेतले होते. गोडाऊनमध्येही बसायला मिळालं. व्हॅनिलाच्या खोक्यांमध्ये जाड हातमोजे घालून मी तंबूच्या काठ्या जोडायला शिकले.

टायर ट्रकचा होता. पहाटे कारखान्याच्या गडबडीआधी मी तो चामटोलीच्या रस्त्याने ओढायचे. कुत्री मागे लागायची, रिक्षावाले हळू करून बघायचे, एकाने विचारलं की गाडी कुठे पंक्चर झाली. चामटोलीत रस्त्याकडेला एक म्हातारी भाजीचे वाटे मांडून बसायची. तिने मला बरेच दिवस नुसतं पाहिलं. एकदा तिने हात करून थांबवलं.

"काय गो बाय, नवस हाय का?"

आमच्याकडे नवस नसतो. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी कुणाला नवस बोललं नाही. पण मी दमले होते, आणि ध्रुवाकडच्या बर्फाची गोष्ट या म्हातारीला कुठून सांगायला सुरुवात करणार?

"हो आजी, नवसच आहे."

"कोनासाठी?"

"एका माणसासाठी."

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. "मानसासाठी व्हय? मग वढ बाय, वढ. थांबू नको." त्यानंतर मी दिसले की ती उठून उभी राहायची, आणि बाजूच्या बायकांना सांगायची की हिचा माणूस फार आजारी आहे. माझा माणूस ठणठणीत होता, तीच तर माझी तक्रार होती.

घरी आईला सांगितलं तर ती आधी चिडली. "आपल्या घरातली पोर, आणि नवस?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "पण तू करतेयस ते त्यापेक्षा वेगळं काय आहे म्हणा."

ग्रीनलँडबद्दल मला लोक विचारतात आणि मी काय सांगणार हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. त्यांना शांतता हवी असते, पांढरा रंग हवा असतो, मी आतून बदलले असं ऐकायचं असतं. खरं सांगू का, तिथे वारा सतत कानात भांडत असतो. घाम आला तर तो अंगावरच गोठतो, म्हणून जोरात चालायचं नाही, आणि थांबलं तर बोटं जातात, म्हणून थांबायचंही नाही. वाऱ्याने बर्फावर पाट्या-वरवंट्यासारखे टणक उंचवटे कोरलेले असतात. स्लेज त्यांच्यात अडकते आणि कमरेला हिसका बसतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. प्यायचं पाणी बर्फ वितळवून करायचं. लघवीला बसणं हे तर एक वेगळं युद्ध. आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू असे दगड झाले की कुऱ्हाडीच्या पाठीने फोडावे लागले. ढग खाली आले की आकाश आणि जमीन एकच होते आणि आपण सरळ उभे आहोत की कललेले तेही कळत नाही. तशा वेळी मला आमच्या कारखान्याच्या निळ्या ढिगाची आठवण येऊन रडू यायचं.

आणि मी चालले कशाच्या जोरावर? सरांच्या. दर पावलाला मी त्यांना काहीतरी ऐकवत होते. वाक्यं बदलून बदलून पाहत होते, एखादं फारच टोचरं जमलं की खूश होऊन पुढचा उंचवटा ओलांडत होते. नॉर्वेची बाई, आमची म्होरकी, विचारायची, तू सारखी काय पुटपुटतेस? मी म्हणायचे, प्रार्थना.

तिचा एक नियम होता. सगळ्यात हळू चालणारीने सगळ्यात पुढे, म्होरकीच्या मागोमाग चालायचं, आणि बाकीच्यांनी त्या चालीने मागून. हळू चालणारीच्या स्लेजमधलं वजन काढून दणकट बायकांच्या स्लेजमध्ये टाकायचं. शेवटची पोचली नाही तोवर कोणीच पोचलेलं नसतं. सुरुवातीला ती पुढची मीच होते. माझं आडनाव तिथे कुणी विचारलं नाही, विचारलं असतं तरी त्यांना उच्चारता आलं नसतं. मला फार बरं वाटलं, आणि त्याच क्षणी सरांवरचा राग दुप्पट झाला. म्हणजे हे करता येत होतं. इतकं सोपं होतं.

पुढे माझे पाय तयार झाले आणि आमच्यातल्या एका उंच, खेळाडू बाईची टाच सोलवटली. ती आधी सगळ्यांच्या पुढे धावणारी, आम्हाला वाट बघायला लावणारी. म्होरकीने तिला पुढे घेतलं. तिचं वजन मी माझ्या स्लेजमध्ये घेतलं. पहिल्या दिवशी ती थँक यू म्हणाली. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. मग एकदा थांब्यावर ती ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, मला इथे तंबू ठोकून द्या, हेलिकॉप्टर बोलवा, पण तुम्ही सगळ्या अशा माझ्या पाठीमागून चालू नका. मला तुमची नजर पाठीवर कळते.

बाकीच्या तिला मिठी मारायला धावल्या. मीही मारली. पण मिठीत असताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही. मला वाटलं, सापडलं. मागे टाकलेल्या माणसाला निदान एकट्याने शिव्या देता येतात. पुढे घातलेल्याला तेही करता येत नाही, वर आभार मानावे लागतात. इतके दिवस मी सरांसाठी वाक्यं शोधत होते आणि वाक्याची गरजच नव्हती.

आम्ही सगळ्या पोचलो. ती टाचेवाली सगळ्यात आधी पोचली, म्हणजे नियमाप्रमाणे. दुसऱ्या बाजूचा काळा खडक दिसला तेव्हा सगळ्या गुडघ्यांवर बसल्या आणि मी एकटी उभी राहून हसत होते.

परत आले तर कात्रपच्या नाक्यावर फ्लेक्स. 'बदलापूरची शान' वगैरे. वर सरांचा फोटो, भला मोठा, हात जोडलेला, खाली 'मार्गदर्शक'. कोपऱ्यात मी, छोटी. आणि फोटो कुठला? गुहेतला. पिशव्यांच्या ढिगाजवळ काठी घेऊन बसलेली मी. फोटोतून पिशव्या कापायचा प्रयत्न केला होता, पण एक पट्टा माझ्या खांद्याजवळ राहिलाच होता. आई फ्लेक्सखाली उभी राहून किती तरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "उतरवायला सांगू?" मी म्हटलं, "राहू दे. सत्कार होऊ दे."

सत्कार एका हॉलमध्ये झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ. सर व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना कठडा धरून, एकेक पाय जोडत चढले. गुडघा गेला होता. ग्रुपच्या पोरांनी सांगितलं की सर आता फक्त पायथ्याला झेंडा दाखवतात आणि गाडीत बसून राहतात. मी ते ऐकून घेतलं.

माईकवर सर म्हणाले, "आमच्या वॉचमन ताई! अहो, यांना मीच पहिल्यांदा चंदेरी दाखवला." हॉल हसला. माझी पाळी आली तेव्हा मी खूप गोड बोलले. म्हटलं, "सरांनी मला जे दिलं ते मी बर्फावर प्रत्येक पावलाला आठवलं." हे अगदी खरं होतं. "आता माझी एकच इच्छा आहे. पुन्हा एकदा चंदेरीला जायचं, सगळ्यांनी मिळून, आणि सर सगळ्यात पुढे." टाळ्या थांबेनात. सर हात हलवून नको नको म्हणत होते, आणि लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटत होता.

थंडीच्या एका सकाळी आम्ही निघालो. पायथ्याच्या गावात सरांनी झेंडा काढला. मी तो त्यांच्या हातातून घेऊन एका पोराला दिला, त्यांची पिशवी काढून चिकटपट्टीवाल्या मुलीकडे दिली. ती आता ग्रुपची लीडर झाली होती. मग सगळ्यांना नियम सांगितला. सगळ्यात हळू चालणारा पुढे. कोणीही त्याला ओलांडायचं नाही.

"ताई, तुम्ही व्हा पुढे," सर म्हणाले. "मी येतो मागून माझा माझा."

"छे हो सर. आमच्याकडे कुणाला मागे ठेवत नाहीत."

चढ लागला तशी सगळी रांग त्यांच्या मागे गप्प झाली. सर पाय टाकायचे, थांबायचे, झाडाला धरायचे. रांग थांबायची. सर वळून "जा रे तुम्ही" म्हणायचे. पोरं माझ्याकडे बघायची, मी नकाराची मान हलवायचे. फक्त बुटांचा आवाज, आणि सरांचा श्वास. जिथे पाऊल नीट पडत नव्हतं तिथे मी हात देत होते, अगदी व्यवस्थित, काळजीने. मी त्यांना पडू देणार नव्हते. पडले असते तर लोकांनी उचलून खाली नेलं असतं आणि त्यांची सुटका झाली असती.

खिंडीत आल्यावर ते दगडावर बसले. शर्ट घामाने चिकटला होता. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, मी इथे सामानाजवळ बसतो. तुम्ही सगळे जाऊन या."

मी किती वर्षं हे वाक्य ऐकायची वाट बघत होते हे मला ते ऐकेपर्यंत माहीत नव्हतं.

"सामान आहे कुठे सर? ज्याचं त्याच्या पाठीवर आहे," मी म्हटलं, मोठ्याने. "आणि गुहेत सामानावर बांधायला जाळी आणली आहे. आता वॉचमन लागत नाही."

गुहेपर्यंत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पोरं कातळाकडे डोळे लावून उभी होती. पहिल्यांदाच आलेली काही होती, माथ्यासाठी तडफडत होती. मी सांगितलं, "आज माथा नाही. उशीर झालाय. सर पोचले, म्हणजे आपण सगळे पोचलो." एक पोरगा "शिट यार" म्हणाला. कोणीतरी त्याला दाबलं. पण सरांनी ते ऐकलं होतं. ते बरोबर त्या जागी बसले होते, भिंतीला टेकून, जिथे मी काठी घेऊन बसले होते. मी मोबाईल काढला, त्यांच्यावर धरला, आणि फोटो न काढता पुन्हा खिशात ठेवला. त्यांनी ते पाहिलं.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं. आवाजात शिट्टीवाला माणूस नव्हता.

"नाही सर. अजून उतरायचं आहे."

उतरतानाही तेच पुढे होते. उतारावर गुडघा जास्त दुखतो.

परतीच्या टेम्पोत मी त्यांच्या शेजारी बसले. चामटोलीला पोरांना चहा हवा होता म्हणून टेम्पो थांबला. म्हातारी तिथेच होती, वाटे मांडून. मला बघून लगबगीने उठली.

"आयलीस गो बाय! लई दिस दिसली नाय. नवस फिटला?"

"आजच फिटला आजी."

तिने टेम्पोत डोकावून सरांकडे पाहिलं. त्यांचा ताठलेला पाय, सुकलेलं तोंड, मिटत आलेले डोळे. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. तिने आत हात घालून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"हाच व्हय तुजा मानूस? बरा व्हईल गो, बरा व्हईल." मग त्यांना म्हणाली, "या बायनं तुज्यापायी टायर वढलाय रे बाबा. या रस्त्यावरना, रोज. पाय फुटं तवर. तिचं इसरू नको."

टेम्पोतली पोरं हसायला लागली, मग सरांचं तोंड बघून थांबली. सर माझ्याकडे वळले.

"माझ्यासाठी?"

"हो सर," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच."